सबस्क्रिप्शनवालं सॉफ्टवेअर काढायचंय, पण आयडिया चालेल की नाही हे कोड लिहायच्या आधी कसं ओळखायचं?

ऐरोली_सेक्टर८ :

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला राहतो, इथेच एका आयटी कंपनीत ११ वर्षं झाली, जावा आणि थोडंफार फ्रंटएंड. नोकरी सोडायची नाहीये, घराचा हप्ता चालू आहे, मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल, त्यामुळे हातात रोज रात्रीचे दोन तास आणि शनिवार एवढंच. दर महिन्याला थोडे थोडे पैसे येत राहतील असं छोटं सॉफ्टवेअर उभं करायचंय, फंडिंग वगैरे नकोय, ४०-५० गिऱ्हाइकं महिना हजार-दीड हजार द्यायला लागली तरी मला पुरे.

गेल्या वर्षी सात महिने घालवून सोसायट्यांसाठी एक बनवलं होतं, मेंटेनन्सची बिलं, थकबाकी, पावत्या, नोटिसा सगळं त्यात. आधी विचारलं नव्हतं असंही नाही, आमच्या आणि आजूबाजूच्या मिळून पाच सेक्रेटरींशी बोललो होतो आणि पाचही जण म्हणाले होते की असं काहीतरी पाहिजेच होतं. तयार झाल्यावर सगळ्यांना डेमो दिला, सगळ्यांना आवडलं, एकानेही पैसे दिले नाहीत. एक जण म्हणाले कमिटीसमोर ठेवतो, त्याला आता सहा महिने झाले. त्या सात महिन्यांत मी घरच्यांना वेळ दिला नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून या वेळी आधी विचारतोय.

आता वहीत १४ आयडिया आहेत. सलूनच्या अपॉइंटमेंट, क्लासेसची फी, ट्रान्सपोर्टवाल्यांचं भाडं आणि डिझेल, पोळीभाजी केंद्राच्या ऑर्डरी, जिम, दवाखाना असं बरंच काही. यातली निवडायची कशी? लोकांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही तर मग कशावर ठेवायचा? आणि आपल्याकडचे छोटे धंदेवाले सॉफ्टवेअरला दर महिन्याला पैसे देतात का, की एकदाच घेतलं आणि झालं असंच त्यांच्या डोक्यात असतं?


नौपाडा_जुनी_गल्ली :

दादा, तुमची सोसायटीची गोष्ट वाचली आणि माझीच आठवली. मी तीन वर्षं क्लासेससाठी सॉफ्टवेअर चालवलं, शेवटी बंद केलं, त्यातून जे कळलं ते लिहिते.

पहिलं म्हणजे तुम्ही "असं पाहिजे का" असं विचारलंत. समोर बसलेला शेजारी, घरी आलेला माणूस, त्याला कोण नाही म्हणेल? प्रश्न पुढचा नाही विचारायचा, मागचा विचारायचा. मागच्या महिन्यात थकबाकीची यादी कोणी काढली, किती वेळ गेला, चूक झाली तेव्हा कोणाला बोलणी बसली, हे सोपं व्हावं म्हणून आतापर्यंत काय काय करून बघितलंत, त्यावर काही खर्च केलात का. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "काही नाही" असेल ना, तर समजायचं त्रास आहे पण सहन होण्यासारखा आहे, आणि सहन होणाऱ्या त्रासासाठी कोणी दर महिन्याला खिशात हात घालत नाही.

दुसरं, सोसायटीत तुम्ही बोललात सेक्रेटरीशी. सेक्रेटरी मानद असतो, त्याला त्यातून काही मिळत नाही, पैसा सभासदांचा, खर्चाला कमिटीची मंजुरी, निवडणूक झाली की माणूसच बदलतो. आणि हिशेब बऱ्याच ठिकाणी बाहेरचा अकाउंटंट बघतो जो एकटा आठ-दहा सोसायट्या सांभाळत असतो. म्हणजे रात्री जागणारा अकाउंटंट, पैसे देणारी कमिटी, आणि तुम्ही विचारलंत तिसऱ्याच माणसाला. कोणाला त्रास होतो, कोण वापरणार आणि कोण चेकवर सही करणार, हे तिघे एकच असतील असा धंदा पहिल्यांदा निवडा, निदान दोन तरी एक असावेत. दुकानाचा मालक स्वतः वही लिहितो तिथे हे जमतं.

आणि क्लासेस यादीतून काढाच असं म्हणेन. माझ्याकडे जूनमध्ये गिऱ्हाइकं यायची, परीक्षा संपल्या की एप्रिलमध्ये बंद करायची, पुन्हा जूनमध्ये मीच मागे लागायचे. गळतीचा हिशेब मी फार उशिरा केला. दर महिन्याला १०० मधली ५ सुटतात म्हटल्यावर वाटतं फार नाही, पण वर्षाच्या शेवटी १०० मधली ५४ च उरतात. म्हणजे तुमची ४० गिऱ्हाइकं नुसती ४० ठेवायला दर महिन्याला दोन नवी आणावी लागतील, नोकरी सांभाळून. म्हणून आयडिया बघताना हे आधी बघा की ते काम वर्षभर परत परत येतं का. वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीला महिन्याची वर्गणी कोणी देत नाही.


वागळे_रोड१६ :

मी सॉफ्टवेअरवाला नाही, दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. वाचायला आलो होतो, पण ताईंनी लिहिलेलं वाचून लिहावंसं वाटलं.

आमचा फायर एक्स्टिंग्विशर, हायड्रंट, स्प्रिंकलर यांच्या मेंटेनन्सचा धंदा, वडिलांनी सुरू केलेला, गिऱ्हाइकं साधारण ३८०, वागळे इस्टेट, कोलशेत, रबाळे, महापे, काही तळोज्यापर्यंत. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे, त्याच्याखाली इमारतीच्या मालकाला किंवा वापरणाऱ्याला लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, घेऊन वर्षातून दोनदा द्यावं लागतं, जानेवारीत आणि जुलैमध्ये. शिवाय प्रत्येक सिलेंडरचं रिफिलिंग कधी, प्रेशर टेस्ट कधी याच्या तारखा वेगळ्या, एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार कधी संपतो ती तारीख अजून वेगळी. एका कारखान्यात ४० सिलेंडर असतील तर ४० तारखा, आणि सगळे एकाच दिवशी भरलेले नसतात.

हे सगळं कुठे आहे तर तीन रजिस्टरमध्ये, आणि टेक्निशियन व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर स्लिपचे फोटो टाकतात त्यात. डिसेंबर उजाडला की मी आणि ऑफिसमधली मुलगी रात्री नऊपर्यंत बसून रजिस्टर उलटत असतो. माझ्या भाच्याने एक्सेल करून दिली होती, छान चालली, तो पुण्याला नोकरीला गेला आणि त्यातलं काहीतरी बिघडलं ते बिघडलंच. मागच्या जुलैत दोन एएमसी हातच्या गेल्या, एक २२ हजारांची, एक ३५ हजारांची, कारण मी फोन करेपर्यंत दुसऱ्याचं कोटेशन तिथे पोचलं होतं. दोन्ही गिऱ्हाइकं वडिलांच्या वेळची.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की ५७ हजार गेलेत हे मला पाठ आहे, त्यामुळे महिना हजार रुपये द्यायला मी दोनदा विचार करणार नाही. टॅलीचे पैसे आम्ही देतोच की. पण दोन वर्षांपूर्वी एक जण आला होता, त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॉक, पगार, टेक्निशियनचं लोकेशन, सगळं होतं, दीड तास डेमो दिला आणि त्यात मला पाहिजे ती एकच गोष्ट सापडेना, की येत्या ४५ दिवसांत कोणाचं काय संपतंय. त्याने मला दीड तासात एकही प्रश्न विचारला नाही.

तुम्ही असं करा, लॅपटॉप न आणता शनिवारी आमच्याकडे येऊन बसा. फोन कसे येतात, स्लिप कशी लिहिली जाते, ऑफिसमधली मुलगी दिवसभर काय लिहिते ते बघा. चहा आहेच.


घोडबंदर_रोड :

वागळेवाल्या दादांनी बोलावलंय तर जा, दुसरा विचार करू नका. त्या १४ आयडिया वहीतच राहू द्या.


उलवे_नोड :

मी न्हावा शेवाच्या कामात आहे, कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसमध्ये. आयडिया कुठे शोधायची यावर दोन गोष्टी सांगतो.

एक म्हणजे नोकरीच्या जाहिराती वाचा. "एक्सेल येणारा मुलगा पाहिजे, डेटा एन्ट्री, फॉलोअप करता आला पाहिजे" अशा जाहिराती तुर्भे, महापे, कळंबोली भागात कायम असतात. त्या ऑफिसमध्ये एका कामासाठी आजच पगार जातोय हे त्यावरून कळतं. तिथे जाऊन तो मुलगा नक्की काय करणार एवढंच विचारायचं. जिथे आधीच पगार जातो तिथे सॉफ्टवेअरच्या पैशाचं बोलणं सोपं जातं, जिथे मालक फावल्या वेळात फुकट करतो तिथे अवघड.

दुसरं, आधीच कोणीतरी बनवलंय म्हणून आयडिया सोडू नका. आमच्याकडे कंटेनरचे फ्री दिवस असतात, शिपिंग लाइनने दिलेले, ते संपले की रोजच्या हिशेबाने डिटेन्शन म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार लागतो आणि कोणाच्या तरी नजरचुकीने दोन-चार दिवस जास्त गेले तर पार्टी आणि आमच्यात भांडणं होतात. यासाठी सॉफ्टवेअर नाहीत का, भरपूर आहेत, आमच्या ऑफिसमध्येही एक मोठं आहे, तरी ते दिवस मोजायला माझ्या शेजारी बसणारा माणूस वेगळी एक्सेल ठेवतो. मोठं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असूनही बाजूला जी एक्सेल उघडी असते ना, तिच्याकडे बघा. एकही स्पर्धक नसेल तर मला उलट भीती वाटते, बहुतेक वेळा त्याचा अर्थ तिथे कोणी पैसे देत नाही असा निघतो.


ऐरोली_सेक्टर८ :

सगळ्यांचे मनापासून आभार. वागळेवाले दादा, या शनिवारी येतो, तुम्हाला मेसेज केलाय.

एक शंका आहे. सगळीकडे वाचतो की आधी एक साधं वेबपेज बनवा, त्यावर किंमत टाका, थोड्या जाहिराती करा, किती जण बटण दाबतात ते बघा. ते करू का? म्हणजे एका संध्याकाळचं काम आहे. आणि पैसे घ्यायचे तर कसे, महिन्याला कापून घेणं आपल्याकडे सरळ होतं का?


खारघर_हिशेबनीस :

वेबपेजची युक्ती चुकीची नाही. बफर नावाची कंपनी २०१० मध्ये अशीच सुरू झाली, पहिल्या पानावर काय करणार ते लिहिलं, बटण दाबलं की अजून तयार नाही, ईमेल द्या, मग मध्ये किमतींचं पान घालून बघितलं की पैसे दिसल्यावरही लोक पुढे जातात का, आणि मगच बनवायला घेतलं. पण त्यांचं गिऱ्हाईक दिवसभर ट्विटरवर बसलेलं होतं, तिथूनच पानावर येत होतं. वागळे इस्टेटमधला फायरवाला रात्री नऊ वाजता रजिस्टर उलटतोय, तो तुमची जाहिरात बघून ईमेल देणार नाही. तुमच्या पानावर शून्य नावं आली तर आयडिया वाईट की जागा चुकीची हे तुम्हाला कळणारच नाही, आणि ५० आली तरी त्यातले फायरवाले किती हे वेगळंच. तुमच्यासाठी कसोटी एकच, हातात पैसे. पूर्ण नको, पण ॲडव्हान्स हवा. "झालं की सांगा" म्हणणारा माणूस नाहीत मोजा, मनाला कितीही जड गेलं तरी.

पैसे कापण्याबद्दल. यूपीआय ऑटोपे जुलै २०२० मध्ये आलं, कार्डाच्या आपोआप कापणीवर रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले, तेव्हा ५,००० पर्यंतच ओटीपीशिवाय जायचे, जून २०२२ मध्ये ती मर्यादा १५,००० झाली. म्हणजे तुमच्या हजार-दीड हजाराला अडचण नाही. पण पैसे कापायच्या निदान २४ तास आधी गिऱ्हाइकाला सूचना जाते, आणि दर महिन्याला ती सूचना वाचली की माणूस दर महिन्याला विचार करतो की हे ठेवू का. शिवाय छोट्या कंपन्यांचे पैसे करंट अकाउंटवरून एनईएफटीने जातात, मालकाला बिल लागतं. आमच्याकडे येणारे बहुतेक सॉफ्टवेअरवाले गिऱ्हाइकाकडून वर्षाचे पैसे एकदम घेतात आणि दोन महिन्यांची सूट देतात. तुम्ही मात्र सुरुवातीला वर्षाचे घेऊ नका, असं मला वाटतं. वर्षाचे पैसे घेतले की माणूस वापरतोय की कधीच सोडून दिलंय हे तुम्हाला अकरा महिने कळत नाही. पहिल्या पाच-सात जणांकडून महिन्याचे घ्या, हाताने मागा, दुसऱ्या महिन्याचे मागताना त्याचा चेहरा बघा, सगळी माहिती तिथेच मिळते.

जीएसटी सॉफ्टवेअर सेवेवर १८ टक्के, पण सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत तुम्हाला नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचाही नसतो.

आणि हे कोणी सांगितलं नाही म्हणून मुद्दाम सांगतो, तुमच्या नोकरीचा करार काढून वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या करारात बाहेरचं काम करायचं असेल तर लेखी परवानगी घ्या असं कलम असतं, आणि नोकरीत असताना बनवलेलं सगळं कंपनीचं असंही लिहिलेलं असतं. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं नेट तर अजिबात वापरू नका. एकही ओळ लिहायच्या आधी हे करा.


ऐरोली_सेक्टर८ :

चार आठवड्यांनी लिहितोय. आधी करार वाचला, परवानगीचं कलम आहे, एचआरला लेखी अर्ज दिलाय, उत्तर यायचंय, तोपर्यंत कोड बंद.

तीन शनिवार वागळेला बसलो. पहिल्या शनिवारी मला वाटलं होतं की रिमाइंडर पाठवणारं काहीतरी बनवायचं आणि झालं. दुसऱ्या शनिवारी दिसलं की रिमाइंडर ही नंतरची गोष्ट आहे. टेक्निशियन साइटवर स्लिप लिहितो, फोटो ग्रुपवर टाकतो, ऑफिसमधल्या ताई तो रजिस्टरमध्ये चढवतात तोपर्यंत आठ-दहा दिवस गेलेले असतात, कधी अक्षर लागत नाही म्हणून राहूनच जातं. तारीखच रजिस्टरमध्ये नाही तर आठवण कसली करून देणार. मी घरी बसून बनवलं असतं तर सुंदर रिमाइंडर बनले असते आणि सगळे चुकीच्या तारखांचे.

मग दादांना म्हटलं सॉफ्टवेअर नाही, पण एक महिना तुमच्या तारखा मी सांभाळतो, १,५०० रुपये ॲडव्हान्स द्या. त्यांनी तिथल्या तिथे दिले. तीन रजिस्टर आणि ग्रुपवरचे फोटो बघून ३८० जणांची यादी एका साध्या शीटमध्ये मी स्वतः टाइप केली, सहा रात्री लागल्या. येत्या ४५ दिवसांत ६१ जणांचं काहीतरी संपत होतं आणि ९ जणांचं आधीच संपलेलं होतं जे कोणाच्या लक्षात नव्हतं. मेसेज दादांच्याच नंबरवरून एकेक करून गेले, मी मजकूर लिहून दिला. आपोआप पाठवायचे तर व्हॉट्सअ‍ॅपची बिझनेसवाली सेवा घ्यावी लागेल, तिथे मेसेजमागे पैसे लागतात, ते किमतीत धरायला लागतील हेही तेव्हाच लक्षात आलं. भलत्या ॲपने पाठवले तर नंबर ब्लॉक होतो आणि तो त्यांचा वडिलांपासूनचा नंबर आहे.

नंतर महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या वेबसाइटवर लायसन्सवाल्या एजन्सींची यादी असते, तिच्यातून ठाणे-नवी मुंबईतल्या चार जणांना फोन करून भेटलो. एकाने ॲडव्हान्स दिला. एकाचा मुलगाच सगळं बघतो, त्याला गरज नाही. एक म्हणाले तयार झालं की नक्की या, ते मी नाहीत मोजले. चौथ्यांना तारखांचं काहीच नको होतं, त्यांना फॉर्म बी बरोबर जोडायची उपकरणांची यादी प्रत्येक साइटसाठी परत परत टाइप करावी लागते तेवढी काढून द्या म्हणाले, पैसे लगेच देतो. हे ऐकून वागळेला परत विचारलं तर तिथे ताई म्हणाल्या की जानेवारीत त्यांचे सगळ्यात जास्त तास त्यातच जातात, आणि दादांना हे माहीतच नव्हतं कारण ते काम ते स्वतः करत नाहीत.

म्हणजे दोघांनी तारखांसाठी पैसे दिलेत, तिसरे यादीसाठी देतायत. दोन्हीचं मूळ एकच आहे, साइटवरची स्लिप नीट भरली जाणं. पाच जणांकडून दुसऱ्या महिन्याचे पैसे येईपर्यंत हातानेच करायचं ठरवलंय. या शनिवारी रबाळेला एक भेट आहे, आणि या वेळी मालकाशी बोलून झालं की टेक्निशियनबरोबर एका साइटवर जाणार आहे, तो उन्हात उभा राहून एका हातात सिलेंडर धरून स्लिप कशी लिहितो ते बघायचंय.


वागळे_रोड१६ :

त्या ६१ मधल्या १४ जणांची कामं पक्की झाली, आणि संपलेल्या ९ मधले दोघे दुसरीकडे गेले होते, बाकीचे सात आपल्याकडेच आहेत. दुसऱ्या महिन्याचे १,५०० आज पाठवलेत, बघून घ्या. तळोज्याला माझ्या ओळखीचे एक आहेत, त्यांचं काम माझ्यापेक्षा मोठं आहे, त्यांना तुमच्याबद्दल बोललोय. साइटवर जाल तेव्हा सेफ्टी शूज घालून जा, नाहीतर गेटवरच अडवतील.